अर्जावर चिकटवलेलं तिकीट

गाढवाचं चित्र असलेलं पोस्टाचं तिकीट मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही, हे आधीच सांगते. पोस्टात उभी असलेली बाकीची माणसं हसत होती. मला मात्र परमुलखात आपल्या गावचं माणूस दिसावं तसं झालं.

आम्ही वीटभट्टीवरची माणसं. दिवाळी झाली की भीमाकाठचं आमचं गाव सोडायचं, गाढवं ट्रकात चढवायची आणि हिंगोली जिल्ह्यातल्या या भट्टीवर यायचं. मृग लागायच्या आत परत. वाळलेल्या कच्च्या विटा गाढवांच्या पाठीवर लादून भट्टीपर्यंत न्यायच्या, एवढंच काम. पण उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत आणि ऊन उतरल्यावर पुन्हा. सासरे, सासू, नवरा, मी आणि सात गाढवं असा आमचा संसार. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्या, म्हणून इथंही तसंच लिहिते.

माझी शाळा सहावीत सुटली. कुणी सोडवली असं नाही. आई-बापाबरोबर भट्टीवर गेले आणि परत आले तेव्हा वर्ग पुढं निघून गेला होता. तरी सासरी लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. त्यामुळं आधार कार्डापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं माझ्याच हातात येतं. बाकीच्यांना वाटतं हिला येतं. मला वाटतं, आता काय चुकणार. बाटलीवरचं मी तीनदा वाचते, मग झाकण उघडते.

भट्टीपासून गाव पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. या गावानं आम्हाला पाणी नाकारलं नाही, हे मी कुठंही सांगेन. सोयाबीन निघाल्यावर एका शेतकऱ्यानं सगळं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, आमच्या गाढवांना दिलं. "घेऊन जा माय, आमची म्हैस खाऊन राहिली तेवढं बास झालं," म्हणाला. आमच्याकडं 'का' म्हणतात, इथं 'काहून' म्हणतात; पहिल्या वर्षी मला कुणी "काहून आली?" म्हटलं की मी घाबरून मागं सरायची. मग कळलं, ती विचारपूस असते.

तर आमची एक गाढवी होती. आहे. तिच्या नाकाड्यावर पांढरा पट्टा, म्हणून तिला सगळे पांढरी म्हणायचे. माझ्या लग्नाच्या वर्षी मामांनी तिला जेजुरीच्या बाजारातून आणली. आम्ही दोघी एकाच महिन्यात त्या घरात आलो. त्या हंगामात ती गाभण होती, पोट खाली उतरलं होतं, आणि होळीच्या आधी ती एक दिवस पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागली.

पहिल्या दिवशी वाटलं, खडा टोचला असेल. खूर धुतला, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं शेकला, हळद भरली. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. चौथ्या दिवशी खुराच्या वरची बाजू गरम लागायला लागली. मामांनी तिच्या पाठीवरचं गोणपाट काढून ठेवलं आणि म्हणाले, "उतार पडंना. डाग द्यावा लागंल."

डाग म्हणजे विळा तापवून लाल करायचा आणि दुखऱ्या जागेच्या वर टेकवायचा. आमच्यात ते औषध आहे. मामांचा हात त्यात चांगला समजला जातो; आजूबाजूच्या भट्ट्यांवरची माणसंसुद्धा आपलं जनावर त्यांच्याकडं घेऊन येतात. कुणाला वाटेल, मामा निर्दय होते. तसं नव्हतं. स्वतःच्या भाकरीतला चतकोर ते रोज पांढरीला द्यायचे. आत्या म्हणायच्या, "मला कधी असा घास भरवला न्हाई." त्यावर मामा म्हणायचे, "तू कधी विटा वाहिल्यास?" आत्या चिडायच्या, "मग काय वाहिलं मी, फुलं?"

पण आदल्या हंगामात दुसऱ्या एका गाभण गाढवीला त्यांनी डाग दिला होता. चौथ्या दिवशी ती गाभडली, पोटातलं पडलं. त्या दोन गोष्टी जोडून घरात कुणी बोललं नाही. मीही नाही. मनात मात्र माझ्या त्या जोडलेल्याच होत्या.

म्हणून मी धीर करून म्हणाले, "मामा, गाभण हाय ती."

"गाभण हाय म्हणूनच म्हणतोय. पाय गेला तर उभी कशी ऱ्हाईल? अन् उभीच न्हाई ऱ्हायली तर पोटातलं कशावर जगंल?"

"डॉक्टरला दाखवू की एकदा."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "अमावस्या नऊ दिवसांवर हाय. डाग अमावस्येलाच लागू पडतो. तवर आण तुझा डॉक्टर. आला तर मी इळ्याला हात लावत न्हाई."

त्यांनी शब्द दिला आणि माझ्या जिवाला घोर लागला. नऊ दिवस. डॉक्टर आला तर पांढरी आणि तिच्या पोटातलं वाचेल, नाही आला तर विळा.

जनावरांच्या दवाखान्याचा नंबर गावातल्या भिंतीवर रंगवलेला होता. मी तो हातावर लिहून घेतला. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं. फोन उचलणारा माणूस बोलायला चांगला होता, पण 'गाढवी' म्हटल्यावर जरा थांबला. मग म्हणाला, साहेबांकडं अजून तीन ठिकाणचं काम आहे, तुम्ही बाहेरगावच्या, तुमच्या जनावराची इथं नोंद नाही. मालकाच्या सहीचा लेखी अर्ज द्या, म्हणजे साहेबांना दौऱ्यात घेता येईल. मी तीनदा "व्हय साहेब" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर आठवलं, अर्ज कुठं द्यायचा ते विचारलंच नाही. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही.

त्यासाठी मी पोस्टात गेले.

गावातलं पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली. ते चालवणाऱ्या बाईंना गाव आपा म्हणतं. त्यांचं घर पिढ्यान्पिढ्या याच गावातलं, सासरे हाडाचे सुतार. पोस्टातलं टेबलही त्यांच्याच हातचं. आदल्या वर्षी आईला पैसे पाठवायचे होते तेव्हा आपांनी मला फॉर्म भरायला शिकवलं होतं. चुकलेला फॉर्म फाडून दुसरा दिला, तिसरा दिला, एकदाही कपाळाला आठी नाही. ते मी विसरणार नाही.

त्या दिवशी आपा टपालावर शिक्के मारत बसल्या होत्या. शिक्का शाईच्या गादीवर, मग तिकिटावर. ठक, ठक. बाकावर दोन म्हातारे शेतकरी बसले होते. मी हळू आवाजात सगळं सांगितलं.

"रडून काहून राहिली मंग?" आपा म्हणाल्या. "अर्जच लिहायचा ना? ये, बस इथं." त्यांनी कागद दिला. विषय कुठं लिहायचा, महोदय कुठं, हे सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. मधेच म्हणाल्या, "अक्षर तर बराबर आहे की गं तुझं. सोडलं काहून शिकणं?" मी पुढची ओळ लिहायला घेतली. पाकिटावर दवाखान्याचा पत्ता त्यांनी स्वतः लिहिला, मागच्या बाजूला माझं नाव आणि भट्टी.

मग त्यांनी ड्रॉवर उघडला. "थांब, तुला एक गंमत दाखवते. हिंगोलीवरून चित्राची तिकिटं आलीत. कोणी घेत न्हाई. सगळ्यांना साधं पाह्यजे."

चार तिकिटं एकाला एक जोडून होती. बैल, घोडा, कुत्रं आणि गाढव. प्रत्येकाखाली हिंदीत बारीक अक्षरं होती, मुक्या जनावरांवर दया करा अशा अर्थाची. गाढवाच्या पाठीवर ओझं नव्हतं. नुसतंच उभं होतं, कान ताठ करून, जसं काही फोटोवाल्यानं "इकडं बघ" म्हटलं होतं.

बाकावरचा एक म्हातारा पुढं वाकला. "गाढवाचं बी तिकीट काढलं? मंग मला दे आपा एक. साडूला पत्र धाडायचं हाय. बराबर त्याच्याच घरी पोचंल."

दुसरा म्हणाला, "तुझ्या साडूनं बी तेच घेऊन ठेवलं असंल तुझ्यासाठी."

आपा हसता हसता म्हणाल्या, "गप बसा ना काका, लेकरू तकलीफमधे आहे." आणि गाढवाचं तिकीट फाडून मला दिलं. "मालकाची सही लागते. सासऱ्याची सही घे, तिकीट लाव, टाक पेटीत."

जाता जाता मी टेबलाकडं पाहिलं. कुत्र्याचं तिकीट लावलेलं एक पाकीट वरच पडलं होतं. शिक्का नेमका कुत्र्याच्या तोंडावर बसला होता. डोळे दिसत नव्हते.

भट्टीवर मी तिकीट दाखवलं तेव्हा सगळी कामं पाच मिनिटं थांबली. नवऱ्यानं ते तळहातावर धरलं. शेजारच्या कोपीतली, झोपडीतली, बाई म्हणाली, "ही गाढवीच हाय, पोट बघा की." कुणी म्हणालं, नर आहे. भट्टीचा मुकादम जवळ आला आणि म्हणाला, "आता तुमी काय ऐकत न्हाई बुवा. तुमचा फोटो दिल्लीत लागला." मामांनी हात पुसले, तिकीट घेतलं, उन्हाकडं धरलं. मग म्हणाले, "वझं न्हाई टाकलं पाठीवर. ज्यानं काढलं त्याला कळतंय."

त्यांनी अर्जावर सही केली. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येतात. ती काढताना जीभ दाताखाली धरतात.

मी तिकीट पाकिटाला लावणार तेवढ्यात आत्यांनी विचारलं, "ह्याच्यावर आता काय करत्यात?"

"शिक्का मारत्यात, पोस्टात."

"कुठं?"

"तिकिटावरच."

"म्हंजे तिच्या तोंडावर?"

मला ते कुत्र्याचं पाकीट दिसत होतं.

"डाग नको म्हणून तू अर्ज लिहितीस," आत्या म्हणाल्या, "अन् तिच्याच चित्रावर काळा डाग मारायला देतीस? गाभण जनावर हाय ते. तिच्या नावानं कुणी लोखंड हाणू नये."

शहाणं माणूस हसलं असतं. मला हसता आलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एकच शब्द होता, अमावस्या, आणि त्या शब्दाभोवती मला कुठलीच अशुभ गोष्ट नको होती. मी विचार केला. तिकीट विकत घेतलं आहे, ते पत्राबरोबर जातंय, मग आत असलं काय आणि बाहेर असलं काय? उलट आत असलं तर डॉक्टर स्वतः बघतील. आणि मला आठवलं, आम्ही जेवढे म्हणून अर्ज केले, रेशनचे, खात्याचे, सगळ्यांवर वरच्या कोपऱ्यात चौकोन असतो. तिथं ज्याचा अर्ज त्याचा फोटो चिकटवायचा. हा अर्ज पांढरीचा. तिचा फोटो नको का?

मी अर्जाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनानं चौकोन आखला आणि त्यात ते तिकीट चिकटवलं. इतकं सरळ बसलं की मला माझंच कौतुक वाटलं. आत्यांनी मान डोलावली. पाकीट भाताच्या शितानं बंद केलं.

नवरा दुसऱ्या दिवशी विटांच्या ट्रॅक्टरवर तालुक्याच्या गावी चालला होता. तो म्हणाला, "इथल्या पेटीत कशाला? डॉक्टर तिथंच बसतोय. तिथल्या पेटीत टाकतो, लवकर पोचंल." रविवार होता, दवाखाना बंद, नाहीतर हातातच दिला असता. त्यानं स्टँडजवळच्या लाल पेटीत पाकीट टाकलं आणि फोन करून सांगितलं, "टाकलं बरं का. आत पडल्याचा आवाज आला."

मग वाट बघणं आलं.

भट्टीवरून डांबरी रस्ता दिसतो. सेनगावकडं जाणाऱ्या जीपा, एसटी, दुधाच्या मोटारसायकली. खांद्याला बॅग लावलेला माणूस दिसला की माझ्या हातातली वीट हातातच राहायची. मागून आत्या ओरडायच्या, "अगं, ठेव की ती!" मंगळवारी एक गाडी खरंच भट्टीकडं वळली. मी चूळ भरली, पदर सारखा केला. तो विम्याचा माणूस निघाला.

मुकादम येता-जाता विचारायचा, "आले का डॉक्टर? का विमानाचं तिकीट न्हाई मिळालं?" त्यात वाईटपणा नव्हता. पण मला ते लागायचं.

पांढरी तीन पायांवर उभी राहायची. कुटार तिच्या पुढ्यात नेऊन ठेवलं तर खायची, थोडं. संध्याकाळी मी पोटावर हात ठेवायची. आत काहीतरी सरकायचं, गोणीत दगड हलल्यासारखं. मी म्हणायची, थांब, अर्ज गेलाय. हे मी तिला म्हणायची की पोटातल्याला, मला ठाऊक नाही.

पुन्हा फोन का नाही केला, असं मला नंतर कितीजणांनी विचारलं. केला होता, शुक्रवारी. तोच माणूस म्हणाला, अर्ज आला की साहेब बघतील. मी म्हणाले, पाठवलाय. तो म्हणाला, मग येईल. मी म्हणाले, व्हय साहेब. याच्या पुढं काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नाही. पोस्टात जाऊन आपांना विचारावं असं दोनदा मनात आलं. पण पांढरी थांबल्यामुळं बाकीच्या सहा गाढवांवर काम पडलं होतं आणि मला निघता येत नव्हतं. शिवाय वाटलं, त्यांनी इतकं केलं. आता "अजून का नाही आला" म्हणून कोणत्या तोंडानं जाऊ?

अमावस्येच्या सकाळी मामांनी आंघोळ केली. मला वाटलं होतं, ते विसरतील, किंवा एखादा दिवस पुढं ढकलतील. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "ऊन चढूपर्यंत थांबतो," म्हणाले. थांबलेही. भट्टीच्या तोंडाशी बसून राहिले, विळा शेजारी. मी मनात म्हणत होते, आता येईल, आता. ऊन चढलं.

"तू धर तिला," मामा म्हणाले. "तुझ्याजवळ गप ऱ्हाती."

मी नाही म्हणू शकले असते का? हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि तिच्या डोळ्यांवर माझा पदर टाकला. नवऱ्यानं मागचा दोर धरला. मामांनी विळा निखाऱ्यातून काढला. ते देवाचं नाव घेत होते. मग वास आला. ती ओरडली नाही. सगळं अंग एकदा ताठ झालं आणि तिचे दात माझ्या दंडात रुतले. मी हात सोडवून घेतला नाही. तेवढं तरी तिचं माझ्याकडं राहू दे, असं काहीतरी तेव्हा वाटलं.

तिसऱ्या दिवशी आपा स्कूटीवरून भट्टीवर आल्या. त्यांना भट्टीवर आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात माझं पाकीट होतं, त्यांच्याच अक्षरातल्या पत्त्याचं. वर लाल पेन्सिलीची खूण आणि आडवं लिहिलेलं, घेण्यास नकार.

"बैरंग गेलं गं हे," आपा म्हणाल्या. "तिकीटच न्हाई याच्यावर. बिनतिकिटाचं पत्र घेणाऱ्यानं दंड भरून घ्यायचं असते. तिथं कोणी घेतलं न्हाई, वापस केलं. मी तर तुला तिकीट दिलं होतं ना? कुठं गेलं?"

मी पाकीट फोडलं. अर्ज उलगडला. वरच्या कोपऱ्यात चौकोन, चौकोनात गाढव, स्वच्छ, एकही डाग नसलेलं.

आपांनी अर्ज हातात घेतला. मला वाटलं, हसतील. त्या विटांच्या थरावर बसल्या आणि कपाळाला हात लावला. "अल्ला. फोटो लावला तू तिचा."

मी सगळं सांगितलं. शिक्का, आत्या, चौकोन. सांगताना माझं मलाच ऐकवेना.

"चूक माझी आहे," आपा म्हणाल्या. "माझ्यासमोर लावून घ्यायला पाह्यजे होतं. मला वाटलं, अर्ज पोचला, डॉक्टर येऊन बी गेले असतील." मी म्हणाले, तुमची कशी? त्या म्हणाल्या, माझीच. असं आम्ही दोघी एकमेकींच्या हातातून ती चूक ओढून घेत होतो. पांढरी चार हात अंतरावर मान खाली घालून उभी होती.

आपांनी तिथूनच फोन लावले. त्यांच्या दिराच्या म्हशीला बघायला येणाऱ्या डॉक्टरांना गाठलं. "कागदाचं राहू द्या साहेब, मी सांगून राहिली ना," एवढं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. आपा त्यांच्या गाडीपुढं स्कूटी घेऊन वाट दाखवत होत्या.

डॉक्टरांनी खूर खरवडला आणि चिमट्यानं तारेचा तुकडा ओढून काढला. बोटाच्या पेराएवढा. भट्टीवरच पडलेली कसली तरी तार असावी. पू वाहिला. सुई दिली, पट्टी बांधली. मग पोटाला कान लावला, हात लावला, दुसऱ्या बाजूनं लावला. मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "आतली हालचाल लागत नाही मला."

मी विचारलं, "डागामुळं?"

"सांगता यायचं नाही. पायातलं विष चढलं असेल, डागाचा धसका बसला असेल. दोन्ही असेल. चार-पाच दिवस आधी तार निघाली असती, तर मी म्हणालो असतो, आशा आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गाभडली. शिंगरू पुरं झालेलं होतं, कान सुद्धा. नाकाड्यावर पांढरा पट्टा. मामांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः खड्डा खणला, भट्टीच्या पलीकडं, बाभळीखाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आत्या माझ्याकडं बघायच्या आणि मी ताटाकडं.

तिसऱ्या दिवशी मामा माझ्याजवळ येऊन बसले. "डॉक्टर तुला बाजूला काय म्हणला गं?"

मी पुढ्यातलं भांडं घासत राहिले.

"डागानं गेलं का?"

म्हातारा माणूस. दोन दिवसांचा उपाशी. मी म्हणाले, "न्हाई मामा. आधीच गेलं हुतं म्हणले. लई आधी."

"डागाच्या आधी?"

"व्हय."

"तुझ्या अर्जाच्या बी आधी?"

"व्हय."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आत्यांना हाक मारून भाकरी मागितली आणि दोन खाल्ल्या. मला बरं वाटलं. त्या एका खोट्यानं ते सुटले आणि मीही सुटले, असं मला तेव्हा वाटलं. त्यांच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, हे मी खोदून बघितलं नाही.

यंदा आम्ही पुन्हा याच भट्टीवर आहोत. पांढरी चालते, थोडी दबते उजव्या पायावर, पण चालते. डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. आपांनी तो माझ्याकडून पाठ करून घेतला आहे. मला आता पत्र कसं पाठवायचं तेही नीट येतं. त्याचा उपयोग काय, ते गेल्या आठवड्यात कळलं.

अमावस्येच्या दिवशी पलीकडच्या भट्टीवरची एक बाई तिची गाढवी घेऊन आली. मागचा पाय सुजलेला, पोट खाली आलेलं. बाई घाबरली होती. म्हणाली, "काका, गाभण हाय, डाग चालंल का? लोक म्हणत्यात, पोटातलं जातं."

"कोण म्हणतं?" मामा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. "आमच्या पांढरीचं बी असंच बोलत हुते. डॉक्टरनं सोताच्या तोंडानं सांगितलं, डागाचा काय संबंध न्हाई. आमची सून उभी हुती तिथं. लिहाय-वाचाय येतं तिला. विचार की तिलाच."

ती बाई माझ्याकडं वळली. माझ्याच वयाची असेल. तिनं गाढवीचा दोर दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

मी म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखवू. मी लावते फोन. येत्यात ते."

"दाखवा की," मामा म्हणाले. "पण डॉक्टर काय म्हणला हुता ते सांग तिला."

सगळे बघत होते. आत्या, नवरा, मुकादम. मामांच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "म्हणले हुते."

आणि फोन घेऊन रस्त्याच्या कडेला पळाले, जिथं रेंज येते. रिंग जात होती. मी मागं वळून पाहिलं तर मामा विळा घेऊन भट्टीच्या तोंडाशी वाकले होते आणि ती बाई आपल्या गाढवीच्या डोळ्यांवर पदर टाकत होती. रिंग अजून जात होती.